इलेक्ट्रोडवरची रुथेनियम पॉलिमर फिल्म : दोन पद्धतींनी डिफ्युजन कोएफिशंट पाचपट वेगळा का येतो?

क्षपणरेषा

ग्लासी कार्बनच्या ३ मिमी व्यासाच्या इलेक्ट्रोडवर रुथेनियम-ट्रिस(४-मिथिल-४'-विनाइल-बायपिरिडीन) ची फिल्म क्षपणाने, म्हणजे ऋण बाजूला स्कॅन करून, चढवली आहे. मोनोमर १ मिलिमोलार, ॲसिटोनायट्राइलमध्ये ०.१ मोलार टेट्राब्युटिलअमोनियम हेक्साफ्लुरोफॉस्फेट, शून्य ते -१.७ व्होल्ट, १०० मिलिव्होल्ट प्रति सेकंद, १५ सायकल. इथले सगळे विभव संतृप्त कॅलोमेलच्या तुलनेत आहेत.

नंतर मोनोमर नसलेल्या ताज्या इलेक्ट्रोलाइटमध्ये मोजलेले आकडे:

रुथेनियम २+/३+ ची जोडी +१.२५ व्होल्टला. २० मिलिव्होल्ट प्रति सेकंदाला पीक प्रवाह ९.३ मायक्रोअँपिअर, अर्ध्या उंचीवरची रुंदी १३० मिलिव्होल्ट, दोन पीकमधलं अंतर २५ मिलिव्होल्ट. १० मिलिव्होल्ट प्रति सेकंदाला पीकखालचा प्रभार ६८ मायक्रोकुलोम. प्रति क्षेत्रफळ तेवढाच प्रभार असलेली फिल्म आयटीओ (इंडियम-टिन ऑक्साइड, पारदर्शक वाहक थर) काचेवर करून प्रोफाइलोमीटरने कोरडी जाडी ६५ नॅनोमीटर मिळाली. सेलचा अभरपाई रोध (पोटेन्शिओस्टॅट भरून काढत नाही तो द्रावणाचा रोध) साधारण २०० ओहम.

अडचण अशी. क्रोनोअँपेरोमेट्रीत (विभवाला एकदम उडी देऊन वेळेनुसार प्रवाह मोजणं) +०.९ वरून +१.४ व्होल्टची उडी दिली, ५० ते ५०० मिलिसेकंदांमधले बिंदू कॉट्रेल आलेखावर (प्रवाह विरुद्ध १ ÷ वेळेचं वर्गमूळ) मांडले, तर डिफ्युजन कोएफिशंट १.५ × १०^-१० चौ. सेंमी प्रति सेकंद येतो. त्याच फिल्मवर इम्पिडन्समधून (वेगवेगळ्या वारंवारतांचा छोटा एसी विभव देऊन केलेलं मापन) ८ × १०^-१० येतो. कोणता खरा मानायचा? कॉट्रेलची रेषा शून्यातून जात नाही, हेही लक्षात आलंय.

पातळथर

आकडे पूर्ण दिलेत, त्यामुळे नेमकं बोलता येईल. आधी कव्हरेज, म्हणजे दर चौ. सेंमीवर किती रुथेनियम केंद्रं आहेत ते, पक्कं करू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

३ मिमी चकतीचं क्षेत्रफळ ०.०७१ चौ. सेंमी. कव्हरेज = प्रभार ÷ (इलेक्ट्रॉनांची संख्या × फॅरडे × क्षेत्रफळ). ६८ मायक्रोकुलोमला ९६४८५ आणि ०.०७१ ने भागलं की १० नॅनोमोल प्रति चौ. सेंमी. अशा संकुलांचा एकपदरी थर ०.१ नॅनोमोलच्या आसपास असतो, म्हणजे तुमच्याकडे शंभरेक थर आहेत. व्होल्टॅमोग्रामशी हे जुळतं का? आदर्श पृष्ठबद्ध जोडीचा पीक प्रवाह या कव्हरेजला, २० मिलिव्होल्ट प्रति सेकंदाला, १३.३ मायक्रोअँपिअर हवा आणि रुंदी ९०.६ मिलिव्होल्ट. तुमचं पीक १३० रुंद आहे, त्या प्रमाणात उंची कमी व्हायला हवी : १३.३ × ९०.६ ÷ १३० = ९.३. बरोब्बर तेवढीच आहे. प्रभार मोजताना बेसलाइन नीट वजा केली आहे, हे यावरून कळतं. बेसलाइन चुकली की हा ताळा हमखास फसतो, म्हणून प्रत्येक फिल्मवर तो करावा. शिवाय ५, १०, २० आणि ५० मिलिव्होल्ट प्रति सेकंदाला प्रभार तोच येतोय का, आणि ऑक्सिडेशन व रिडक्शनचे प्रभार सारखे आहेत का, हेही बघा. वेग वाढवताना प्रभार घटू लागला की तिथून पुढे पूर्ण फिल्म चार्ज होत नाहीये.

९०.६ पेक्षा जास्त रुंदी म्हणजे शेजारच्या केंद्रांमध्ये अपकर्षण, किंवा केंद्रांचे विभवच थोडे विखुरलेले. कमी रुंदी म्हणजे आकर्षण. इलेक्ट्रोपॉलिमराइज्ड फिल्मला १३० मध्ये वावगं काही नाही.

आता मुख्य गोष्ट. क्रोनोअँपेरोमेट्रीतून तुम्हाला डिफ्युजन कोएफिशंट सुटा कधीच मिळत नाही. मिळतो तो 'त्याचं वर्गमूळ × संहती'. संहती म्हणजे कव्हरेज ÷ जाडी. कव्हरेज प्रभारावरून माहीत आहे. म्हणजे प्रयोगाने खरोखर मोजलं काय, तर 'डिफ्युजन कोएफिशंट ÷ जाडीचा वर्ग'. इम्पिडन्समधूनही तेच गुणोत्तर निघतं. स्कॅन रेट वाढवत प्रवाह वेगाच्या प्रमाणातून वर्गमुळाच्या प्रमाणात कुठे वळतो ते पाहिलं, तरी तेच. एकही विद्युतरासायनिक मापन या दोन राशी वेगळ्या करत नाही. जाडी बाहेरूनच आणावी लागते आणि तिच्यातली चूक वर्गात जाते.

तुमची ६५ नॅनोमीटर ही कोरडी जाडी आहे. ॲसिटोनायट्राइलमध्ये फिल्म फुगते. समजा ती ९० नॅनोमीटर झाली, तर संहती १.५४ वरून १.११ मोलारवर येते आणि डिफ्युजन कोएफिशंट (९०/६५) च्या वर्गाने, म्हणजे १.९ पट वाढतो. तुमचा ८ × १०^-१० मग १.५ × १०^-९ होतो.

अर्थात दोन्ही पद्धतींत तुम्ही एकच जाडी वापरली असेल, तर तुमच्या पाचपट फरकाचं कारण हे नव्हे. ते कॉट्रेलच्या खिडकीत आहे.

दशांश

खिडकीबद्दल लिहितो.

कॉट्रेल समीकरण अर्ध-अनंत डिफ्युजनसाठी आहे. फिल्मला बाहेरची कड आहे आणि तिथून इलेक्ट्रॉन पुढे जात नाही. इलेक्ट्रोडकडून निघालेला डिफ्युजनचा थर त्या कडेला टेकेपर्यंतच कॉट्रेल लागू. 'जाडीचा वर्ग ÷ डिफ्युजन कोएफिशंट' हा फिल्मचा स्वतःचा काळ. इम्पिडन्सचा आकडा धरला तर तो ५३ मिलिसेकंद येतो. या काळाच्या ०.२ पटीपर्यंत प्रवाह कॉट्रेलपेक्षा जेमतेम १.३ टक्के कमी असतो. १ पटीला तो कॉट्रेलच्या ३० टक्क्यांवर उतरतो, ३-४ पटींनंतर उरतच नाही.

म्हणजे तुमची खिडकी १० मिलिसेकंदांना संपते. ५० ते ५०० मध्ये फिल्म जवळपास भरून झालेली आहे. तिथे रेषा काढली की उतार कोणते बिंदू घेता त्यावर ठरतो. मधल्या भागातले घेतले तर उतार खऱ्यापेक्षा जास्तसुद्धा येईल. १.५ × १०^-१० हा आकडा सोडून द्या.

सोपी कसोटी : प्रवाहाऐवजी प्रभार काढा, वेळेच्या वर्गमुळावर मांडा, आणि एकूण प्रभाराच्या निम्म्यापर्यंतचाच भाग वापरा. तुमच्या बाबतीत ३४ मायक्रोकुलोमपर्यंत. यासाठी डिफ्युजन कोएफिशंट आधी माहीत असण्याची गरज नाही, म्हणून ही कसोटी मला सगळ्यात विश्वासाची वाटते.

पण थांबा, खिडकीच्या सुरुवातीला आणखी मोठा घोळ आहे. डबल लेयरची (इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावरच्या प्रभाराच्या दुहेरी थराची) कपॅसिटन्स १.५ मायक्रोफॅरड धरली तर २०० ओहमला कालांक ०.३ मिलिसेकंद, त्याच्या पाचपट १.५ मिलिसेकंद. म्हणजे १.५ ते १० मिलिसेकंद वापरता येतील असं कागदावर दिसतं. आता प्रवाह मोजून बघा. १० मिलिसेकंदांना कॉट्रेल प्रवाह १.७ मिलिअँपिअर. गुणिले २०० ओहम म्हणजे ०.३४ व्होल्ट रोधातच गेले! २ मिलिसेकंदांना तर ०.७५ व्होल्ट. तुमची उडी +१.४ पर्यंत, म्हणजे जोडीच्या विभवापुढे जेमतेम ०.१५ व्होल्ट. याचा अर्थ इलेक्ट्रोडच्या पृष्ठभागावर खरा विभव सुरुवातीचा सगळा वेळ जोडीच्या आसपासच अडकलेला आहे. प्रवाह डिफ्युजन ठरवत नाही, द्रावणाचा रोध ठरवतोय.

क्षपणरेषा

हे डोक्यातच आलं नव्हतं, कारण सीव्हीत (सायक्लिक व्होल्टॅमेट्रीत) २० मिलिव्होल्ट प्रति सेकंदाला रोधातली घट २ मिलिव्होल्टसुद्धा नाही. मग उपाय काय? फिल्म जाड करू की इलेक्ट्रोड लहान?

दशांश

दोन्ही चालतं, पण परिणाम वेगळे.

इलेक्ट्रोड १ मिमी केला तर प्रवाह नवव्या हिश्श्यावर येतो, मात्र चकतीचा रोध त्रिज्येच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे तिप्पट होतो. एकूण घट एक तृतीयांश. फिल्म तीच राहते, हा फायदा.

फिल्म २०० नॅनोमीटर केली तर खिडकी १०० मिलिसेकंदांपर्यंत लांबते. ५० मिलिसेकंदांना प्रवाह ०.७५ मिलिअँपिअर, घट ०.१५ व्होल्ट. उडी +१.६ पर्यंत नेली की पुरेशी सूट उरते, आणि कोरड्या ॲसिटोनायट्राइलमध्ये +१.६ ला पार्श्वभूमी प्रवाह त्रास देत नाही. तोटा असा की जाड फिल्म बाहेरच्या बाजूला सैल वाढते. पातळ फिल्मचा आकडा तिला आणि तिचा पातळ फिल्मला लागू होईलच असं नाही. म्हणून तीन-चार जाड्यांवर मापन करून आकडा जाडीप्रमाणे सरकतोय का ते पाहावं.

रेफरन्सचं टोक इलेक्ट्रोडजवळ आणा, पण टोकाच्या व्यासाच्या दुपटीपेक्षा जवळ नको, नाहीतर प्रवाहाच्या वाटेत त्याची सावली पडते. पॉझिटिव्ह फीडबॅकने रोधाची भरपाई ८०-८५ टक्क्यांपर्यंत. त्यापुढे पोटेन्शिओस्टॅट आंदोलनं करू लागला तर क्षणात फिल्म जाते.

आणि हेच गणित सीव्हीच्या वरच्या वेगांनाही लावा. १ व्होल्ट प्रति सेकंदाला पीक प्रवाह ०.४६ मिलिअँपिअर, म्हणजे जवळपास ९० मिलिव्होल्ट रोधात. पीकमधलं अंतर वेगाच्या लॉगरिदमवर मांडून लाविरोंच्या पद्धतीने इलेक्ट्रॉन-हस्तांतराचा वेगांक काढलेला अनेकदा दिसतो. जाड फिल्मवर तो बहुतेक वेळा सेलचा रोधच असतो. इलेक्ट्रोलाइटची संहती दुप्पट करा. अंतर कमी झालं तर संशय रोधावर.

अर्धकोश

इम्पिडन्सच्या आकड्याचा ताळा करून घेऊ. @क्षपणरेषा, फिटिंगमध्ये वॉरबर्गचा (डिफ्युजनचा इम्पिडन्स दाखवणारा) कोणता घटक घेतलात?

क्षपणरेषा

सॉफ्टवेअरमध्ये 'ओ' आणि 'टी' असे दोन मर्यादित घटक आहेत. 'टी' घेतला. डीसी विभव +१.२५, ॲम्प्लिट्यूड ५ मिलिव्होल्ट, १०० किलोहर्ट्झ ते ०.०५ हर्ट्झ.

अर्धकोश

निवड बरोबर. 'टी' म्हणजे कड बंद, कमी वारंवारतेला रेषा उभी चढते. 'ओ' म्हणजे कडेवरून प्रवाह बाहेर जातो, रेषा वळून अक्षाला येते. फिल्मबाहेर द्रावणात काही अभिक्रिया होत असेल तरच 'ओ'. जुन्या आलेखांत कमी वारंवारतेला वळलेली रेषा दिसली की ऑक्सिजन राहिला असेल किंवा फिल्म हळूहळू खराब होत असेल, हे आधी तपासा.

ताळा दोन आकड्यांनी होतो. पहिला, कमी वारंवारतेची कपॅसिटन्स. ती सीव्हीतल्या 'पीक प्रवाह ÷ वेग' इतकी हवी : ९.३ मायक्रोअँपिअर ÷ ०.०२ = ०.४६ मिलिफॅरड. इम्पिडन्समधून २० टक्क्यांच्या आत तेवढीच आली पाहिजे. नाही आली तर डीसी विभव जोडीच्या नेमक्या विभवावर नव्हता. कपॅसिटन्स पीकवर सर्वाधिक असते, ५० मिलिव्होल्ट सरकलात तरी ती घसरते.

दुसरा, फिल्मचा रोध = फिल्मचा काळ ÷ (३ × कपॅसिटन्स). ०.०५३ सेकंद आणि ०.४६ मिलिफॅरड घेतले की ३८ ओहम. म्हणजे तुमच्या आलेखात ४५ अंशांचा तुकडा २०० ओहमपासून सुरू होतो आणि उभी रेषा मागे वाढवली तर अक्षाला २३८ च्या आसपास टेकते. तुमचा सगळा डिफ्युजन कोएफिशंट त्या ३८ ओहममध्ये आहे. तिथे संपर्कातला १० ओहमचा दोषसुद्धा २५ टक्के चूक करतो. इलेक्ट्रोडची पिन घासून घ्या, क्लिप बदला, आणि काही हर्ट्झच्या भागात, जिथे वळण आहे, दर दशकाला १० तरी बिंदू घ्या. ०.१ हर्ट्झच्या खाली काही नवीन कळत नाही, फक्त वेळ जातो आणि फिल्म बदलते.

उभी रेषा नेमकी ९० अंश नसते, ८० ते ८५ असते. तिथे कॉन्स्टंट फेज एलिमेंट (आदर्श नसलेल्या कपॅसिटरचा घटक) घालून फिट सुंदर होतो, पण घातांक ०.९ च्या खाली गेला तर त्यातून काढलेला डिफ्युजन कोएफिशंट मी वापरणार नाही. जाडी सगळीकडे सारखी नाही असा त्याचा सरळ अर्थ असतो.

मापनाच्या आधी आणि नंतर एकेक सीव्ही. प्रभार ३ टक्क्यांहून जास्त घटला असेल तर स्पेक्ट्रम टाकून द्यावा.

स्फटिकतुला

फुगलेल्या जाडीकडे परत येतो, कारण @पातळथर यांनी म्हटल्याप्रमाणे सगळं तिथे अडतं.

क्वार्ट्झ मायक्रोबॅलन्सवर (स्फटिकाच्या वारंवारतेतल्या घटीवरून वस्तुमान मोजणारं यंत्र) हीच फिल्म करा. ५ मेगाहर्ट्झच्या स्फटिकाला सावरब्राय (१९५९) यांच्या समीकरणाने १ हर्ट्झ म्हणजे १७.७ नॅनोग्रॅम प्रति चौ. सेंमी. संकुलाचं वजन दोन हेक्साफ्लुरोफॉस्फेटसह ९८० ग्रॅम प्रति मोल. १० नॅनोमोल म्हणजे ९.८ मायक्रोग्रॅम प्रति चौ. सेंमी, म्हणजे कोरड्या फिल्मला साधारण ५५० हर्ट्झ. तुमच्या ६५ नॅनोमीटरने भागलं तर घनता १.५ ग्रॅम प्रति घन सेंमी येते, जी अशा मीठयुक्त पॉलिमरला शोभणारी आहे. म्हणजे कोरडी जाडी ठीक मोजलीय.

आता द्रावकातली. कोरा स्फटिक हवेतून इलेक्ट्रोलाइटमध्ये नेल्यावर किती वारंवारता पडते ते नोंदवा, मग फिल्मसह तेच करा. फरक म्हणजे फिल्मने शोषलेला द्रावक (आणि थोडं मीठ). २५ नॅनोमीटर फुगण्याइतकं ॲसिटोनायट्राइल सुमारे २ मायक्रोग्रॅम प्रति चौ. सेंमी, म्हणजे ११० हर्ट्झ. मोजता येण्याजोगं आहे, पण स्फटिक चकचकीत हवा. खरखरीत स्फटिकाच्या खाचांत अडकलेला द्रव तेवढाच आकडा फुकट देतो.

मोशनल रेझिस्टन्स किंवा डिसिपेशन (कंपनाची किती ऊर्जा वाया जाते ते) सोबत नोंदवलंच पाहिजे. ते वाढलं की फिल्म मऊ झाली, आणि मग वारंवारतेचं थेट वस्तुमान करता येत नाही. तुमच्या ६५ नॅनोमीटरला बहुधा अडचण नाही. अर्ध्या मायक्रोमीटरच्या फुगलेल्या फिल्मला निश्चित आहे.

ऑक्सिडेशन करताना आत येणारा ॲनायन वेगळा बघा. रुथेनियम ३+ झालं की प्रत्येक इलेक्ट्रॉनमागे एक हेक्साफ्लुरोफॉस्फेट, १४५ ग्रॅम प्रति मोल. पूर्ण ऑक्सिडेशनला ८२ हर्ट्झ पडायला हवेत. वस्तुमान-प्रभार आलेखाचा उतार १४५ पेक्षा जास्त आला तर ॲनायनसोबत द्रावकही येतोय. कमी आला तर द्रावक बाहेर ढकलला जातोय किंवा सुरुवातीला कॅटायन बाहेर पडतोय. उतार पूर्ण सायकलभर सरळ आहे का ते जास्त बोलकं : सुरुवातीला एक उतार आणि शेवटी दुसरा असेल तर आयन आणि द्रावक वेगवेगळ्या वेगाने हलतात. तुमचं २५ मिलिव्होल्टचं अंतर ५ मिलिव्होल्ट प्रति सेकंदालाही मिटत नसेल, तर मूळ तिथेच सापडेल.

वर्णपट

प्रकाशाने कव्हरेज काढण्याचा मार्ग कुणी लिहिला नाही, तो लिहितो, कारण तो प्रभारावर अवलंबून नाही.

आयटीओवरच्या फिल्मचं शोषण = १००० × कव्हरेज × मोलर शोषणांक. रुथेनियम ट्रिस-बायपिरिडीनचा पट्टा ४५२ नॅनोमीटरला, शोषणांक सुमारे १४०००. तुमच्या १० नॅनोमोलला ०.१४ यायला हवं. विनाइल गेल्यावर पट्टा आणि शोषणांक थोडे सरकतात, म्हणून १० टक्क्यांची सूट धरा. शोषणाने काढलेलं कव्हरेज प्रभाराच्या कव्हरेजपेक्षा ठळकपणे जास्त आलं, तर फिल्ममध्ये इलेक्ट्रोडशी न जोडलेली बेटं आहेत : रंग आहे पण इलेक्ट्रॉन पोचत नाही. मग संहती कोणती धरायची हा प्रश्न पुन्हा उभा राहतो.

कोऱ्या आयटीओची बेसलाइन त्याच काचेची घ्या, शेजारच्या तुकड्याची नको. आयटीओच्या थरातच व्यतिकरणाच्या लाटा असतात आणि ०.०१-०.०२ चा खोटा उंचवटा सहज येतो. त्याहून महत्त्वाचं, -१.७ व्होल्टला ओलसर द्रावकात आयटीओचं स्वतःचं क्षपण होऊन ते तपकिरी पडतं. द्रावक चाळणी-रेणूंवर, म्हणजे ३ अँगस्ट्रॉमच्या मॉलिक्युलर सीव्हवर, वाळवा किंवा सरळ एफटीओ (फ्लोरिनयुक्त टिन ऑक्साइड) घ्या.

एक्सपीएस (क्ष-किरण फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपी) करणार असाल तर रुथेनियमच्या ३डी रेषेवर प्रमाण काढू नका. ३डी ५/२ रेषा २८१ च्या आसपास सुटी दिसते, पण ३/२ ची जोडीदार रेषा २८५ ला कार्बनच्या १एस खाली गाडली जाते. ३पी रेषा, ४६२ इलेक्ट्रॉनव्होल्टजवळची, वापरा. रुथेनियमला सहा नायट्रोजन आणि दोन फॉस्फरस हवेत. फॉस्फरस जास्त म्हणजे इलेक्ट्रोलाइट धुतला गेला नाही; कमी म्हणजे ॲनायन बदलला. एक्सपीएस वरचे ५ ते १० नॅनोमीटरच बघतं, त्यामुळे ६५ नॅनोमीटरखालचं इंडियम दिसायलाच नको. दिसलं तर फिल्मला भोकं आहेत.

सूक्ष्मछिद्र

भोकांसाठी एक्सपीएसपेक्षा स्वस्त आणि जास्त बोलकी चाचणी : फेरोसीन आणि फिरती चकती.

इलेक्ट्रोलाइटमध्ये १ मिलिमोलार फेरोसीन टाका. कोऱ्या इलेक्ट्रोडवर +०.४० च्या पुढे मर्यादित प्रवाहाची पायरी मिळते. फिल्म असलेल्या इलेक्ट्रोडवर +०.४० ला फिल्म रुथेनियम २+ च्या अवस्थेत आहे, इलेक्ट्रॉन वाहून नेत नाही. म्हणून तिथे जो काही प्रवाह दिसेल तो फेरोसीन फिल्ममधून झिरपून किंवा भोकांतून इलेक्ट्रोडपर्यंत पोचल्याचा. पुढे विभव वाढवत नेला की +१.१ च्या सुमाराला, रुथेनियम ३+ जेमतेम तयार होऊ लागताच, प्रवाह उभा वर जातो. फिल्म कडेवर फेरोसीनचं ऑक्सिडेशन करू लागली. चांगल्या फिल्मवर या दोन पायऱ्यांमध्ये सपाट, जवळपास शून्य भाग असतो. तो बघायला खरंच छान वाटतो.

४०० ते २५०० फेऱ्या प्रति मिनिट अशा पाच वेगांवर मोजा आणि +०.४० च्या पायरीचा कुतेत्स्की-लेविच आलेख (१ ÷ प्रवाह विरुद्ध १ ÷ फिरण्याच्या वेगाचं वर्गमूळ) काढा. अनंत वेगाला उरलेला प्रवाह म्हणजे झिरपण्याचा दर. झिरपणं आणि भोकं वेगळी करायची तर फेरोसीनऐवजी जास्त घेराचा रेणू घेऊन परत करा. झिरपणं रेणूच्या आकारावर जोरात अवलंबून असतं, भोकं आकार विचारत नाहीत.

एक इशारा. फेरोसीन अंतर्गत रेफरन्स म्हणून सुरुवातीलाच टाकू नका. ते फिल्ममध्ये मुरतं, धुऊन लवकर निघत नाही, आणि रुथेनियमच्या पीकआधी तीक्ष्ण उंचवटे येऊ लागतात. तो अडकलेला प्रभार तुमच्या कव्हरेजमध्ये मिसळतो. ही चाचणी आणि रेफरन्सची तपासणी, दोन्ही सगळ्यात शेवटी.

निकेलवाला

धागा वाचून एक प्रश्न. निकेल-सॅलेनची (सॅलेन या लिगंडसोबतच्या निकेल संकुलाची) फिल्म ऑक्सिडेशनने होते. तिलाही कव्हरेजचं हेच सूत्र चालेल का? इलेक्ट्रॉनांची संख्या १ धरू?

पातळथर

नाही. रुथेनियमच्या फिल्ममध्ये प्रभार धातूच्या केंद्रावर बसतो, म्हणून १ निर्विवाद. निकेल-सॅलेनच्या फिल्ममध्ये ऑक्सिडेशन मुख्यतः लिगंडच्या साखळीवर पसरतं, डोपिंगची पातळी विभवाच्या मर्यादेप्रमाणे बदलते आणि प्रत्येक एककामागे १ पेक्षा वेगळी निघू शकते. प्रभारावरून 'इलेक्ट्रॉन × कव्हरेज' एवढंच मिळतं.

निकेल वेगळं मोजा. फिल्म नायट्रिक आम्लात विरघळवून आयसीपी-एमएसवर (प्लाझ्मा मास स्पेक्ट्रोमेट्री). ०.०७१ चौ. सेंमी वर १० नॅनोमोल म्हणजे ०.७ नॅनोमोल निकेल, सुमारे ४२ नॅनोग्रॅम. ५ मिलिलिटरमध्ये ८ मायक्रोग्रॅम प्रति लिटर. आरामात मोजता येतं, फक्त कोऱ्या इलेक्ट्रोडचा तसाच धुतलेला नमुना सोबत हवा. रुथेनियमला मात्र हा रस्ता धोक्याचा : ऑक्सिडीकारक आम्लात त्याचं टेट्रॉक्साइड होऊन उडून जातं, आकडा कमी येतो आणि वाफही विषारी.

क्षपणरेषा

सगळ्यांचे आभार. १ मिमीचा इलेक्ट्रोड आणि +१.६ ची उडी घेऊन परत करतो, इम्पिडन्सची क्लिपही बदलतो. मायक्रोबॅलन्स माझ्याकडे नाही. फुगलेली जाडी द्रवातल्या एएफएमने (ॲटॉमिक फोर्स मायक्रोस्कोपी) काढता येईल का? कोरडी पायरी करताना ओरखडा सुईने काढला होता.

स्फटिकतुला

येईल, आणि एका बाबतीत ते मायक्रोबॅलन्सपेक्षा सरळ आहे, कारण घनता गृहीत धरावी लागत नाही. ओरखडा धातूच्या सुईने नको. तीक्ष्ण केलेल्या लाकडी किंवा टेफ्लॉनच्या काडीने काढा, म्हणजे खालचं आयटीओ खरवडलं जात नाही. तसंच एका कोऱ्या आयटीओवर ओढून बघा; तिथे खाच पडली तर दाब जास्त होतोय. फिल्म कोरडी असतानाच ओरखडा, मग ॲसिटोनायट्राइलने धुऊन कचरा काढून टाका.

पायरी आधी हवेत मोजा. ती प्रोफाइलोमीटरच्या ६५ शी जुळली पाहिजे. प्रोफाइलोमीटरची सुई मऊ फिल्म दाबते, त्यामुळे एएफएम २-३ नॅनोमीटर जास्त दाखवेल, ते ठीक. मग त्याच जागी इलेक्ट्रोलाइटसह ॲसिटोनायट्राइल घाला. शुद्ध द्रावकात मोजू नका. मीठ असताना फिल्म कमी फुगते आणि तुमचं इलेक्ट्रोरसायन मिठातलंच आहे. टॅपिंग मोड, शक्य तितका कमी दाब. अर्ध्या तासाने पुन्हा मोजा, जाडी स्थिर झाली की नाही ते कळतं. ॲसिटोनायट्राइल उडतं, तेव्हा बंद सेल लागेल, आणि सेलची ओ-रिंग त्याला टिकणारी हवी.

पायरी एका रेषेवरून घेऊ नका. दोन्ही पृष्ठभागांच्या उंचीचा हिस्टोग्राम काढून शिखरांमधलं अंतर घ्या. आयटीओचा खरखरीतपणा ३-५ नॅनोमीटरचा असतो, तो त्यात आपोआप विरतो.

अर्धकोश

एक पुरवणी : एएफएमसाठीची फिल्म आधी १०-१५ वेळा +०.८ ते +१.५ मध्ये फिरवून घ्या. नवी फिल्म पहिल्या काही सायकलमध्ये द्रावक आणि आयन घेत स्थिरावते, पहिलं पीक नेहमी वेगळं दिसतं. न फिरवलेल्या फिल्मची जाडी आणि फिरवलेल्या फिल्मचा इम्पिडन्स एकत्र वापरलात तर पुन्हा दोन वेगळ्या वस्तूंची सांगड घातली जाईल.

क्षपणरेषा

म्हणजे क्रम असा : सायकल, कोरडं करणं, ओरखडा, हवेत मोजणी, मग द्रवात. कोरडी करताना फिल्म तडकत नाही ना?

अर्धकोश

६५ नॅनोमीटरला नाही. ३००-४०० च्या पुढे तडे दिसू लागतात, विशेषतः फिल्म ऑक्सिडाइज्ड अवस्थेत बाहेर काढली तर. विभव शून्यावर आणून, सर्किट उघडून, मग बाहेर काढा, ताज्या ॲसिटोनायट्राइलने तीनदा धुवा आणि नायट्रोजनच्या हलक्या झोताखाली वाळवा.